वऱ्हाडांतील अडीच फुटी लोहमार्ग

आपल्याकडे लोहमार्गाचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे तो बहुधा मुंबई-ठाण्यापासून सुरू होतो आणि घाट चढून गेल्यावर संपतो. १८५३ सालची ती पहिली गाडी, १८६३ सालीं खुला झालेला बोरघाट, १८६५ सालीं खुला झालेला थळघाट, हीं नांवें शाळेंतल्या पुस्तकांनीं आमच्या मनावर कायमचीं कोरून ठेविलीं आहेत. त्यांचें महत्त्व कोणी नाकारणार नाहीं. परंतु मुख्य रस्त्यापासून दूर असलेल्या तालुक्यांचें जीवन ज्या लोहमार्गांनीं बदललें, ते मार्ग निराळेच होते. त्यांच्या वाट्याला लांबलचक बोगदे आले नाहींत, कीं चित्रें काढावींत असे भव्य पूल आले नाहींत. अशांपैकींच एक मार्ग वऱ्हाडांत आहे. मुंबई-नागपूर मार्गावरील मूर्तिजापूर स्टेशनापासून त्याचा एक फांटा कारंजा, दारव्हा या गांवांवरून यवतमाळास गेला आहे. दुसरा दर्यापूर, अंजनगांव यांवरून अचलपुरास गेला आहे. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. सरकारी दप्तरांत त्याला कंपनीचें नांव होतें. लोकांच्या तोंडीं मात्र 'शकुंतला' हें एकच नांव राहिलें.

या रुळांवर आज गाडी धावत नाहीं. रूळ मात्र अजून वादाचा विषय आहेत. ते उखडून मोठ्या मापाचा मार्ग घालावा, असें कोणी म्हणतात. आहे तसाच जुना ठेवा म्हणून जतन करावा, असें दुसरे म्हणतात. आणि दोन्ही खर्च व्यर्थ आहेत, असें म्हणणारेही आहेत. हा प्रश्न केवळ जमाखर्चाचा नाहीं. हा मार्ग कां झाला, कोणीं केला, त्याचा हिशेब कशांत मांडला गेला आणि प्रत्यक्षांत तो कोणाच्या उपयोगीं पडला, हें समजून घेतल्यावांचून त्याचें उत्तर देणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें.

आरंभ अर्थातच कापसापासून करावा लागतो. वऱ्हाडची काळी जमीन आणि कापूस यांचें नातें लोहमार्गाहून पुष्कळ जुनें आहे. आगगाडी येण्यापूर्वीं अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेंकडों मैल दूर गंगाकांठच्या मिर्झापुरास जात असे व तेथून नावांनीं खालीं कलकत्त्याकडे उतरत असे. वाटेंत पावसानें गांठलें तर माल भिजे. उन्हाळा कडक पडला तर बैलांना पाणी मिळेना. धूळ, पाणी आणि काळ या तिघांचा वाटा गेल्यावर जें उरे तें व्यापाऱ्याचें. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला, त्या वेळीं या प्रांताकडे पाहण्याची इंग्रजांची दृष्टि प्रथमपासूनच कापसाच्या व्यापाऱ्याची होती. पुढें १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध माजलें, दक्षिणेकडील संस्थानांतून लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा पुरवठा तुटला, आणि हिंदुस्थानांतल्या कापसाला एकाएकीं सोन्याचा भाव आला. हें युद्ध संपतां संपतां ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ वऱ्हाडांत शिरले होते. १८६७ सालीं ते नागपुरास पोंचले.

हा मुख्य मार्ग पूर्णेच्या खोऱ्यांतून सरळ पूर्वेकडे काढलेला होता. त्याला मुंबई आणि नागपूर जोडावयाचीं होतीं. वाटेंतल्या बाजारपेठांकडे वळसे घेण्याचें त्याला कारण नव्हतें. त्यामुळें चमत्कार असा झाला कीं, कापसाच्या दोन मोठ्या पेठा, खामगांव आणि अमरावती, रुळांपासून बाजूलाच राहिल्या. ही उणीव सरकारनें फार दिवस राहूं दिली नाहीं. जलंबपासून खामगांवपर्यंत आठ मैलांचा फांटा घालण्यांत आला आणि १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्तें तो खुला झाला. बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंतचा फांटाही त्याच सुमारास झाला. हे दोन्ही फांटे सरकारी खर्चानें आणि मुख्य मार्गाच्याच रुंद मापाचे घालण्यांत आले, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ज्या पेठांची उलाढाल डोळ्यांत भरण्याजोगी होती, त्यांच्यासाठीं सरकारनें काटकसर केली नाहीं. अमरावतीच्या नांवावरून या भागांतल्या आंखूड धाग्याच्या कापसाला परदेशच्या बाजारांत 'ऊमरा' असें नांव पडलें, इतकी त्या पेठेची ख्याति होती.

परंतु वऱ्हाड म्हणजे कांहीं खामगांव आणि अमरावती एवढेंच नव्हे. उत्तरेस अचलपूर, अंजनगांव, दर्यापूर. दक्षिणेस कारंजा, दारव्हा, यवतमाळ. या सर्व टापूंत कापूस पिकत होता. तेथील कास्तकाराला आपला माल बंडीवर घालून दोन दोन, तीन तीन मुक्कामांनीं मुख्य मार्गाच्या स्टेशनापर्यंत आणावा लागे. काळ्या मातींतल्या पावसाळी वाटेचें वर्णन वऱ्हाडकरांना सांगावयास नकोच. चाक आंसापर्यंत रुतलें म्हणजे दुसऱ्या बंडीचे बैल सोडून आणावे लागत. १९०२ सालच्या करारानें वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रज सरकारकडे आला, १९०३ सालीं तो मध्यप्रांताला जोडला गेला आणि १९०५ सालीं जिल्ह्यांची फेरवांटणी होऊन वणी जिल्ह्याचें नांव यवतमाळ झालें व एलिचपूर जिल्हा अमरावतींत मिसळला. राज्यकारभाराची घडी अशी बसल्यावर या आंतल्या तालुक्यांना लोहमार्ग हवा, ही मागणी पुढें येणें स्वाभाविक होतें. प्रश्न होता तो पैशाचा.

येथें रुळांच्या मापांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. हिंदुस्थानांत पहिले मार्ग साडेपांच फुटी रुंद मापाचे झाले. तें माप भक्कम खरें, पण महाग. म्हणून १८७० सालीं लॉर्ड मेयोच्याच कारकीर्दींत मीटर मापाला मान्यता मिळाली. त्याहूनही अरुंद असें अडीच फुटांचें माप बडोदें संस्थानानें मियागांव-डभोई मार्गावर १८६२ सालींच वापरून पाहिलें होतें. आरंभीं त्या गाड्या बैल ओढीत. या मापाचा खरा पुरस्कर्ता मात्र एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज एंजिनियर. त्यानें १८९७ सालीं आपल्या महाराष्ट्रांतच कुर्डुवाडी-बार्शी मार्ग उघडून दाखविलें कीं, रूळ हलके असले तरी डब्याचा भार पुष्कळ आंसांवर सारखा वांटून दिला, एका आंसावर पांच टनांहून अधिक ओझें येऊं दिलें नाहीं, तर लहान मार्गावरूनही मोठा व्यापार चालवितां येतो. बार्शीही कापसाची पेठ; तेव्हां वऱ्हाडकरांना हा दाखला दूरचा नव्हता.

लोहमार्ग अरुंद कां करतात, या प्रश्नाला दोन उत्तरें आहेत. डोंगरांत तो वळणांसाठीं करतात. गाडी लहान असली म्हणजे कड्याच्या कडेनें तीव्र वळण घेऊं शकते. माथेरानची १९०७ सालीं सुरू झालेली गाडी किंवा दार्जिलिंगची १८८१ सालची गाडी हीं त्याचीं उदाहरणें. पण मूर्तिजापूरच्या सपाट रानांत कसलें वळण आणि कसला कडा? तेथें दुसरें उत्तर लागू पडतें. रूळ हलका, स्लिपर आंखूड, भराव कमी, पूल लहान, एंजिन स्वस्त. थोडक्यांत सांगावयाचें तर ज्या टापूपासून फारशा उत्पन्नाची अपेक्षा नाहीं, त्याच्यावर फारसा खर्च करूं नये, हा हिशेब. वऱ्हाडच्या या मार्गाचें अडीच फुटी माप म्हणजे एका अंदाजपत्रकाचें माप आहे. हें निंदेनें आम्ही म्हणत नाहीं. स्वस्त मार्गाचा आग्रह धरला नसता, तर अंजनगांव-दारव्ह्याच्या वाट्याला कोणताच मार्ग आला नसता, हेंही तितकेंच खरें आहे.

हा खर्च सरकारनें स्वतः केला नाहीं. फांट्यांसाठीं खाजगी भांडवल पुढें यावें म्हणून त्या काळीं सरकारनें कांहीं सवलती ठरविल्या होत्या. भांडवल कंपनीनें घालावें. मार्ग चालविण्याचें काम शेजारच्या मोठ्या रेल्वेनें करावें. आणि फांट्यामुळें मोठ्या रेल्वेला जें जादा उत्पन्न मिळेल, त्यांतला कांहीं भाग फांट्याच्या मालकांना परत मिळावा, अशी ती योजना होती. मुंबईंत १८५७ सालीं स्थापन झालेली किलिक, निक्सन आणि कंपनी ही व्यापारी पेढी या कामांत पुढें आली. तिच्या व्यवस्थेखालीं १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली, आणि १९१३ सालच्या करारानें मार्ग चालविण्याचें काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे आलें. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, म्हणजे सत्तर मैल, आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, असे हे दोन फांटे. कंपनीनें तिसरा ३५ किलोमीटरांचा फांटा वर्धा नदीपलीकडे पुलगांवपासून आर्वीपर्यंत काढला. अशा रीतीनें रूळ एकाचे, एंजिन आणि माणसें दुसऱ्याचीं, आणि जमीन सरकारची, असा तिहेरी संसार सुरू झाला. या संसाराची फळें पुढें काय आलीं, तें यथाक्रम येईलच.

गाडी सुरू झाली आणि मार्गाकाठच्या गांवांचें रूप पालटूं लागलें. पूर्वीं घरोघर हातरेच्यावर सरकी निघत असे. आतां स्टेशनालगत जिनें आणि प्रेस उभे राहिले. कास्तकाराची बंडी जिनापर्यंत येई, कापसाची रुई आणि सरकी वेगळी होई, रुई प्रेसमध्यें दाबून तिची सुमारें चारशें पौंडांची गासडी बांधली जाई. अशा दोन गासड्यांची एक खंडी. मुंबईचा भाव खंडीवर बोलला जाई. अचलपूरच्या वाटेवर एका गांवाचें नांवच मुळीं कापूसतळणी आहे, यावरून या टापूचा आणि त्या पिकाचा संबंध किती जुना असेल, याची कल्पना येईल. गासड्या लहान डब्यांतून मूर्तिजापुरास येत. तेथें मात्र अरुंद मापाची खरी किंमत मोजावी लागे. अडीच फुटी डबा साडेपांच फुटी रुळांवर चढूं शकत नाहीं. म्हणून प्रत्येक गासडी एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावी लागे. हमालांच्या पाठीवरून होणारें हें स्थलांतर वर्षानुवर्षें चाललें. माप बदललें कीं माल खालीं उतरवावा लागतो, ही अडचण जगांतल्या सर्व अरुंद मार्गांना होती. जोंवर पर्याय बैलगाडीचा होता, तोंवर ती कोणास जाचली नाहीं.

हा सारा कापूस मँचेस्टरास जात असे, असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें सर्वस्वीं बरोबर नाहीं. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा असे. अमेरिकन युद्धाच्या काळांत नाइलाजानें त्यांनीं 'ऊमरा' घेतला, पण तें युद्ध संपतांच त्यांचा ओढा पुन्हा अमेरिकेकडे गेला. मूर्तिजापूरचे फांटे झाले त्या काळीं वऱ्हाडच्या आंखूड धाग्याचे मोठे ग्राहक म्हणजे मुंबईच्या गिरण्या, युरोपखंडांतले कारखाने आणि विशेषतः जपान. तेव्हां या मार्गाला केवळ इंग्रजांच्या लुटीचें साधन म्हणून मोकळें होणें सोपें असलें, तरी इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे. मुंबईच्या एतद्देशीय गिरण्यांचीं चातीं ज्या रुईवर फिरलीं, तिच्यांत दारव्हा-दर्यापूरच्या रुईचाही वाटा होता.

कास्तकाराचें काय झालें? त्याच्या मालाला जवळ पेठ मिळाली, हें खरें. परंतु त्याच तारेनें आणि त्याच रुळांनीं त्याच्या शेताचा भाव दूरच्या बाजारांशीं बांधून टाकिला. पूर्वीं ज्वारी घरांत असली म्हणजे कापसाचा भाव पडला तरी घर चालत असे. नगदी पिकाचा पेरा वाढत गेला तसतसा तो आधार कमी होत गेला. पेरणीला सावकार, विक्रीला अडत्या, आणि मध्यें पाऊस, अशा तिघांच्या हातीं त्याचें वर्ष गेलें. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव कोसळले, तेव्हां वऱ्हाडांतल्या शेतकऱ्यानें जें सोसलें, त्याचें एक मूळ या जोडणींत आहे. लोहमार्गानें त्याला जगाच्या बाजारांत नेऊन उभें केलें, पण तेथें उभें राहण्याचें बळ देणें लोहमार्गाच्या हातीं नव्हतें.

आतांपर्यंत आम्हीं गासड्यांविषयींच बोललों, कारण ज्यांनीं हा मार्ग घातला त्यांच्या डोळ्यांपुढें गासड्याच होत्या. डब्यांत माणसेंही बसणार, हें त्यांच्या हिशेबीं दुय्यम होतें. परंतु माणसें बसलीं. कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. तेथें जाणाऱ्या दत्तभक्तांना ही गाडी सोयीची झाली. त्याच गांवीं जैनांचीं प्राचीन मंदिरें. तेथील यात्रेकरूही तिनेंच जात. अचलपूर ही इमादशाहीची जुनी राजधानी, पण मुख्य मार्गापासून दूर पडल्यामुळें मागें राहिलेली. तिला या गाडीनें अकोल्या-अमरावतीच्या व्यवहारांत पुन्हा आणिलें. कोर्टाच्या तारखेला जाणारे पक्षकार, आठवड्याच्या बाजाराला भाजीपाला नेणाऱ्या बाया, परीक्षेला निघालेलीं मुलें, माहेरीं निघालेल्या सासुरवाशिणी, यांनीं ते लांकडी बांक भरून गेले. गाडी सावकाश जाई. अचलपूरच्या ७६ किलोमीटरांना चार तास लागत. पण ती स्वस्त होती आणि आडगांवीं थांबत होती.

लोकांनीं तिला शकुंतला म्हटलें, यांतही आम्हांस एक गंमत वाटते. विदर्भाला पुराणांतल्या नायिकांची उणीव नाहीं. रुक्मिणी येथलीच, तिचें कौंडिण्यपूर तर अमरावती जिल्ह्यांतच. दमयंती येथली, इंदुमती येथली, लोपामुद्राही विदर्भकन्याच. एवढ्या लेकी घरच्या असतां लोकांच्या तोंडीं नांव बसलें तें कण्वाच्या आश्रमांतल्या मुलीचें. राजानें वरिलें, अंगठी दिली, आणि दरबारीं गेल्यावर ओळख विसरला, अशी तिची कथा. हा योगायोगच, पण पुढें या मार्गाचें जें झालें तें पाहतां, नांव चुकलें असें म्हणवत नाहीं.

कारण ओळख कोणीं ठेवावी, हाच या मार्गापुढचा प्रश्न झाला. १९२५ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं तिची मध्य रेल्वे झाली. परंतु हे फांटे ज्या कंपनीचे, ती कंपनी निराळी. म्हणून ते त्या सरकारीकरणांतून बाहेर राहिले. गाडी सरकारची धांवे, रूळ कंपनीचे राहत, आणि उत्पन्नांतला वाटा कंपनीला द्यावा लागे. ठराविक मुदतींनीं मार्ग विकत घेण्याचा पर्याय करारानें सरकारला दिलेला होता. पण प्रत्येक वेळीं हिशेब मांडला गेला आणि व्यवहार परवडत नाहीं, असा निर्णय झाला. वृत्तपत्रांना मात्र यांत एक चमकदार मथळा सांपडला: स्वतंत्र हिंदुस्थानांत अजून एक लोहमार्ग इंग्रजांच्या मालकीचा आहे! हा मथळा वाचून पुष्कळांचें रक्त तापलें. वस्तुतः किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली होती. तेव्हां दुःख परकीय मालकीचें नव्हतें. दुःख होतें तें दुभंगलेल्या जबाबदारीचें. आपल्या नसलेल्या रुळांवर सरकारनें नवा पैसा कां घालावा? आणि आपण न चालविणाऱ्या गाडीसाठीं कंपनीनें तरी कां घालावा? दोघांचेंही म्हणणें आपापल्या वहीप्रमाणें बरोबर होतें, आणि म्हणूनच रूळ झिजत राहिले.

या झिजण्याला पर्यटकांच्या दृष्टीनें एक मोहक रूप होतें. मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें एंजिन १९२३ पासून या मार्गावर होतें, तें थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत काम करीत राहिलें. त्यानंतर डिझेलचें एंजिन आलें. सत्तर वर्षें एकच यंत्र! मोजकीं माणसें सारी गाडी चालवीत. गार्डच तिकिटें देई, आणि रस्ता आडवा आला कीं गाडी थांबवून फाटक लावण्यास नोकर खालीं उतरे. गाडी पलीकडे गेल्यावर फाटक उघडून तो पुन्हा चढे. परगांवचे हौशी लोक येऊन याचीं छायाचित्रें घेत. पण जी दृश्यें पाहुण्याला गोड वाटतात, त्यांचा अर्थ घरच्या माणसाला निराळा असतो. सत्तर वर्षांचें एंजिन हें त्याच्या लेखीं, आपल्यावर सत्तर वर्षांत कोणीं खर्च केला नाहीं, याचा दाखला होता.

दरम्यान बाहेरचें जग बदललें. डांबरी रस्ते झाले, एस. टी. च्या मोटारी गांवोगांव पोंचल्या, मालट्रक जिनाच्या दारांत येऊन उभा राहूं लागला. ट्रकला माप बदलण्याची अडचण नाहीं. कारंज्यास भरलेला माल मध्यें न उतरतां थेट गिरणींत जातो. मूर्तिजापूरच्या फलाटावरील ती चढउतार, जी बैलगाडीच्या तुलनेंत क्षुल्लक होती, ती ट्रकच्या तुलनेंत असह्य झाली. अशा रीतीनें ज्या काटकसरीमुळें मार्गाचा जन्म झाला, तिच्यामुळेंच कापूस त्याला सोडून गेला. राहिलीं तीं माणसें, आणि त्यांतलींही ज्यांना मोटारीचें भाडें जड वाटे, तीं. पुलगांव-आर्वीची गाडी आधींच बंद पडली होती. गेल्या कांहीं वर्षांत प्रथम यवतमाळची आणि मागून अचलपूरची गाडीही थांबली.

याच मापाच्या इतर मार्गांचें काय झालें, हेंही पाहण्यासारखें आहे. बार्शीचा मार्ग सरकारनें १९५४ सालीं विकत घेतला. एक मालक झाला, म्हणून पुढें त्याचें रुंदीकरण करणें शक्य झालें, आणि आज त्याच वाटेनें मोठ्या गाड्या लातुरास व पंढरपुरास जातात. गोंदिया-जबलपूरचा सातपुड्यांतला अरुंद मार्गही रुंद झाला. १९०३ सालीं सुरू झालेला काल्का-सिमला मार्ग बरोबर आपल्या शकुंतलेइतकाच, अडीच फुटी. २००८ सालीं त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. एक मार्ग साहेबांना उन्हाळ्यांत थंड हवेच्या ठिकाणीं नेण्यासाठीं झाला, दुसरा कापसासाठीं झाला. पहिल्याचें सौंदर्य जगाला दिसतें, कारण तेथें देवदार आणि बोगदे आहेत. तुरीचीं, कपाशीचीं शेतें आणि बाभळींचीं बनें यांच्या मधून जाणाऱ्या मार्गाचें सौंदर्य पाहण्यास मुद्दाम कोणी येत नाहीं.

मग पुढें काय? २०१६ सालीं या मार्गाच्या रुंदीकरणासाठीं सुमारें १५०० कोटी रुपयांच्या योजनेची घोषणा झाली. वऱ्हाडांत तिचें स्वागत झालें, पण मालकीचा जुना गुंता अशा वेळीं पुन्हा आडवा येतो. इकडे यवतमाळास दुसऱ्या बाजूनें रुंद मार्ग येत आहे: वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाला. यवतमाळची सोय त्यानें होईल. परंतु दारव्हा, कारंजा या गांवांना अकोल्या-अमरावतीकडे येणें आहे; दर्यापूर, अंजनगांव, अचलपूर यांना तर जवळ दुसरा मार्गच नाहीं.

आमचें मत असें आहे कीं, रुंदीकरण आणि जतन यांतला वाद हा खऱ्या वादाच्या पुढचा आहे. पहिली गोष्ट मालकी एक करण्याची. ज्या वस्तूचे दोन धनी, तिला धनी नाहीं, हें या शंभर वर्षांच्या इतिहासानें पुरेसें सिद्ध केलें आहे. बार्शीचा दाखला डोळ्यांपुढें आहे. दुसरी गोष्ट हिशेबाची. हा मार्ग परवडतो कीं नाहीं, हें आजवर प्रत्येक वेळीं मालाच्या उत्पन्नावरून ठरविलें गेलें. तें १९१३ सालीं योग्य असेल. पण दर्यापूरच्या मुलीला अमरावतीच्या कॉलेजांत जाण्यास आज किती भाडें पडतें, अंजनगांवच्या रोग्याला अकोल्याच्या इस्पितळांत पोंचण्यास किती वेळ लागतो, हेही आंकडे त्याच वहींत मांडले गेले पाहिजेत. आणि तिसरी गोष्ट जतनाची: रुंद मार्ग झालाच, तरी मूर्तिजापूरचें तें दुमापी आवार, जेथें कापूस एका रुळावरून दुसऱ्यावर चढत होता, तेवढें तरी मोडूं नये. वऱ्हाडचा आर्थिक इतिहास ज्याला शिकावयाचा असेल, त्याला त्याहून चांगली शाळा मिळणार नाहीं.

वऱ्हाडांतल्या जुन्या घरांत जिनांच्या पावत्या, गासड्यांच्या नोंदींच्या वह्या, या गाडीचीं जुनीं तिकिटें, लग्नाच्या वऱ्हाडानें तिच्यांतून केलेल्या प्रवासाचीं छायाचित्रें अजून पेट्यांच्या तळाशीं पडलीं असतील. कंपनीच्या वहींत माणसें दुय्यम होतीं; त्यांचा इतिहास याच कागदांतून लिहावा लागेल. ते कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनीं ते रद्दींत घालूं नयेत, गांवच्या वाचनालयाकडे सोंपवावेत, एवढी आमची वाचकांस विनंती आहे. मार्गाचा निकाल सरकार लावील तेव्हां लावील. हें काम मात्र आपल्या हातचें आहे.